आजची चूक

नवव्या धड्याचं चौथं उदाहरण टाइप करून बाईंनी चष्मा वर सरकवला, आणि तेवढ्यात पडद्याच्या मधोमध ती राखाडी चौकट उगवली. संगणक बंद होत आहे, आपलं काम जतन करा, अशा अर्थाचं काहीतरी, आणि खाली उलटे धावणारे आकडे. साठ. एकोणसाठ. अठ्ठावन्न.

"आलं मेलं पुन्हा," बाई म्हणाल्या.

सकाळपासूनची ही तिसरी वेळ. बाईंनी धडा जतन केला, हात मांडीवर ठेवले आणि दात आवळून शून्याची वाट पाहिली. पडदा काळा झाला. त्यात त्यांचाच चेहरा दिसला, आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही.

बाईंनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण कुठल्या पोरावर कधी आवाज चढवला नाही. सतरा वेळा विचारलं तर अठराव्यांदाही तितक्याच शांतपणे सांगायच्या. चाळीस वर्षं गिळलेला तो सगळा राग आता या पेटीवर निघत होता.

"लाथ घालून बघ," नवरा आतून म्हणाला. "आमच्या कारखान्यात निम्मी यंत्रं तशीच चालायची."

"तुम्ही पेपर वाचा."

दुपारी संगणक दुरुस्त करणारा आला. एके काळी बाईंच्याच वर्गात होता. आता टक्कल पडलं होतं, पण खुर्चीत बसायच्या आधी अजून परवानगी मागायचा.

"किडा आहे, बाई. वर्म म्हणतात त्याला. फोनच्या तारेतून येतो."

"मी तर काहीच उघडलं नाही."

"उघडायला लागतच नाही. दाराला कडी लावायची बनवणाऱ्यांकडूनच राहिली होती. आता लावून देतो."

त्यानं कडी लावली, किडा मारला, चहा पिऊन गेला. तासाभरानं चौकट परत आली.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोनची तारच उपसून काढली. संगणक पार धुऊन पुसून नव्यानं बसवला. "आता याच्या पोटात तुमच्या पुस्तकाशिवाय काही नाही," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्यासमोरच दहाव्या धड्याला हात घातला. पाच उदाहरणं नीट झाली. सहावं टाइप केलं आणि चौकट आली. साठ. एकोणसाठ.

दुरुस्तीवाला पुढे वाकला. आकड्यांकडे न बघता त्यानं उदाहरण वाचलं. ५७ + ३६ = ९२.

"बाई, ही तुमची ती चूक आहे ना? मुद्दाम केलेली?"

हे फक्त त्यांच्या विद्यार्थ्यालाच ओळखता आलं असतं. बाई रोज फळ्यावर एक उदाहरण मुद्दाम चुकीचं सोडवायच्या. कुठलं, ते सांगायच्या नाहीत. ज्याला सापडेल त्यानं तास संपेपर्यंत बाईंच्या खुर्चीत बसायचं. फळ्यावर आहे म्हणून खरं मानायचं नाही, एवढंच त्यांना आयुष्यभर शिकवायचं होतं. या पुस्तकातही प्रत्येक धड्यात तशी एक चूक पेरलेली होती.

संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं तो पुन्हा सुरू केला, धडा उघडला. ५७ + ३६ = ९३.

"तुम्ही बदललंत?"

"तू बघत होतास ना?"

त्यानं मागचे धडे उघडले. पहिल्यापासून नवव्यापर्यंत एकही उदाहरण चुकीचं नव्हतं. चौकट का येत होती, ते आत्ता कुठे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुरुस्तीवाल्यानं पेचकस पुसून पिशवीत टाकले. "तार नाही, आत सगळं नवं. हा किडा नव्हे, बाई."

"मग काय आहे?"

"मला दुसरीकडे जायचंय," तो म्हणाला. या खेपेला चहाला थांबला नाही.

पुढचे तीन दिवस बाई त्या यंत्राशी भांडत होत्या. ४८ × ६ = २८६ लिहिलं. चौकट आली, बंद पडलं, सुरू केलं, २८८. आठवड्याचे तास एकशे सहासष्ट लिहिले. एकशे अडुसष्ट. बरोबर उदाहरणं मात्र तासन्‌तास टाइप केली तरी संगणक हूं की चूं करत नव्हता. शनिवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं, आणि छापखान्याला हातानं लिहिलेलं चालणार नव्हतं.

"काढून टाक ना त्या चुका," नवरा म्हणाला. "पुस्तक वेळेत जाईल. डोकंही शांत राहील."

"आणि मग माझं पुस्तक कशाला हवं? बरोबर उत्तरांची पुस्तकं ढिगानं पडलीयेत बाजारात. पोरं डोळे मिटून पाठ करतात आणि डोळे मिटूनच मोठी होतात."

"माझ्यावर का ओरडतेस?"

"तुम्ही समोर आहात म्हणून."

नवरा हसला. संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर दिवाणखान्यातली सतरंजी झटकताना म्हणाला, "अकरा पोरं आणि वर एक संतापलेली बाई. छप्पर जागेवर राहिलं, नशीब समज."

शुक्रवारी दुपारी बाईंना एक युक्ती सुचली. याला गणित येतं, कबूल. पण गणिताबाहेरचं काय कळणार? एक साधी, खरी गोष्ट लिहायची. ती खरी असूनही संगणक बंद पडला, तर हे सगळं थोतांड. यंत्र बिघडलंय, आणि बाकी योगायोग.

त्यांनी टाइप केलं. बाईंच्या शिकवणीला चार मुलगे आणि सात मुली येतात. एकूण मुलं किती? अकरा.

चौकट आली.

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. साठ आकडे त्यांनी मजेत मोजले. संगणक पुन्हा सुरू करून धडा उघडला.

बाईंच्या शिकवणीला चार मुलगे आणि सहा मुली येतात. एकूण मुलं किती? दहा.

"चुकलास," बाई पडद्याला म्हणाल्या. "आता कसा सापडलास."

सहाच्या जागी त्यांनी पुन्हा सात घातले, दहाच्या जागी अकरा. चौकट आली. बाईंनी धडा जतन केला आणि आकडे शून्यावर जायच्या आत भिंतीतली पिनच ओढून काढली. दिवाणखान्यात पोरांची गडबड ऐकू येत होती. चार वाजले होते.

मुलं सतरंजीवर अर्धगोलात बसली होती. बाईंनी खडू उचलला.

"काय, आज अकराही जण वेळेवर हजर?"

बाई जिला चिमणी म्हणायच्या, त्या पोरीनं टुणकन उडी मारली. "सापडली, बाई, आजची चूक सापडली. अकरा नाही, दहा."

बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. चिमणी ऐटीत जाऊन बाईंच्या खुर्चीत बसली.

"आज लई सोप्पी घातली बाईंनी," पैलवान कुरकुरला.

बाईंनी मोजलं. मुलगे चार. मुली सहा.

पुन्हा मोजलं.

"कोण आलं नाही?"

"सगळे आलेत की, बाई."

प्रत्येक पोराला बाईंनीच टोपणनाव ठेवलं होतं. त्या एकेक नाव घेत गेल्या. दहा नावं झाली, दहा हात वर झाले. अकरावं नाव घ्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"लपलंय कोण?" बाई म्हणाल्या. मग ओरडल्या. "कोण लपलंय? चेष्टा पुरे. बाहेर या."

त्यांचा असा आवाज कुणीच ऐकला नव्हता. चिमणी खुर्चीतून हळूच खाली उतरली.

नवरा दारात आला. "काय झालं?"

"आपल्याकडे मुलं किती येतात?"

"दहा."

"परवा तुम्ही अकरा म्हणालात."

"मी? नाही गं. दहाच तर येतात." तो काळजीनं बाईंकडे बघत होता. "थोडी पड जा. त्या संगणकानं डोकं खाल्लंय तुझं."

बाई त्याला ओलांडून बाहेरच्या दाराशी गेल्या. पोरांच्या चपला नेहमीसारख्या विखुरल्या होत्या. बाईंनी एकेक जोड वेगळा करून ओळीनं मांडला.

दहा झाले.

एक जोड उरला. भिंतीच्या कडेला, नीट जुळवून ठेवलेला, सगळ्यांत लहान. डावा पट्टा मागं कधीतरी तुटला असावा. तो निळ्या दोऱ्यानं शिवला होता, आणि ते आखूड, तिरके टाके बाईंच्या स्वतःच्या हातचे होते.

बाईंनी चप्पल उचलली. आतून ती अजून कोमट होती.