चौकोनी लहरीचे कोपरे

दार उघडणाऱ्या तरुणाचा चेहरा असा पडला होता, जणू दारात गिऱ्हाईक नव्हे, जप्तीवालेच उभे आहेत.

"जुना ऑसिलोस्कोप... जाहिरात होती ना?" तिने विचारलं.

"आहे. पण बिघडलाय," तो लगेच म्हणाला.

विकणाऱ्यानेच मालाला नावं ठेवायची, ही तऱ्हा तिला नवीन होती. पण ती हटणारी नव्हती. दिवसभर औषधांच्या दुकानात गोळ्या देणारी ही पोरगी संध्याकाळी घरी रेडिओ बनवायची. सध्याचा रेडिओ गाण्याऐवजी नुसता किंचाळत होता, आणि आतली विजेची लहर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघितल्याशिवाय तो काही ताळ्यावर येणार नव्हता. नवा स्कोप आवाक्याबाहेरचा. हा हातचा गेला, की छंद गुंडाळायचा.

जेवणाचं अर्धं टेबल त्या यंत्राने अडवलं होतं. बटण दाबल्यावर पडद्यावर हिरवी चौकोनी लहर आली खरी, पण कोपरे उतरलेले.

"बघा! कामातून गेलाय," तो चक्क खुशीत म्हणाला.

आतून त्याची आई ओरडली, "ही पण चालली का रे हात हलवत?"

ती मात्र पडद्याकडे नाही, प्रोबकडे बघत होती. प्रोब म्हणजे मोजायची तार; तिच्या दांडीत एक इवलासा स्क्रू असतो. तिने पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढून तो जरासा फिरवला. कोपरे ताठ उभे राहिले.

"हा आपोआप फिरत नाही. कुणी फिरवला?"

त्याचे कान लाल झाले. "मीच... आईला टेबल मोकळं हवंय. आणि मला हा द्यायचा नाहीये."

"अहो, मग मला कशाला बोलावलंत?" राग तर आलाच, पण मेलं हसूही येत होतं.

आई हात पुसत बाहेर आली. "चालतंय का गं हे?"

त्याने तिच्याकडे असं काही बघितलं... खोटं बोलावं? तिला किंचाळणारा रेडिओ आठवला.

"चालतंय," ती म्हणाली. "मी घेते."

त्याचं तोंड एवढंसं झालं. तरी ते धूड जिन्यावरून त्यानेच खाली आणलं. गाडीत ठेवताना दोघांची बोटं एकमेकांना लागली — आणि कुणीच घाई केली नाही.

"कधीतरी... बघायला येऊ?"

"कुणाला?"

"याला," तो गडबडून म्हणाला. "म्हणजे... आधी याला."

आला. रेडिओ गाऊ लागला, तरी येतच राहिला. आपण त्याची वाट बघतो, हे तिने स्वतःशी केव्हाच कबूल केलं होतं. मग एका संध्याकाळी तो खुर्चीवर न बसता उभाच राहिला.

"स्कोप न्यायला आलोय. आई हो म्हणाली."

यंत्र गेलं, की हा कशाला येतोय इकडे! "न्या," म्हणत ती वायर गुंडाळू लागली.

"ती म्हणाली... चालवणारीलाही घेऊन ये."

तिचे हात थांबले. "आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, हा इथेच राहिला तरी चालेल. तू ये. मला तू हवी आहेस."

या खोक्यापायी सख्ख्या आईला फसवणारा माणूस हे म्हणत होता! तिचे डोळे भरून आले.

"वेडा कुठला," ती म्हणाली, आणि तोंडातून पहिल्यांदाच एकेरी निघालं. "ती बाजू धर. मला एकटीला हा उचलवणार नाही."