दोन ठोक्यांचं उत्तर

लाइट येईपर्यंत बसा असेच. तुमचा ट्रक काही सकाळशिवाय भरत नाही, आणि अंधारात मिलच्या मागे फिरायची गरज नाही. का, ते सांगतो. ज्याच्या बाबतीत घडलं तो ओदेलू माझ्याच गल्लीतला. थापा मारणारा माणूस नव्हे. उलट संशयी. दूधवाल्याच्या समोर दूध पुन्हा मापून घेणारा.

गेल्या साली नाही, त्याच्या आदल्या साली. सद्दुल बतुकम्माची, म्हणजे फुलांच्या सणाच्या शेवटच्या दिवसाची रात्र, अष्टमी. गावातल्या झाडून सगळ्या बायका फुलांच्या राशी डोक्यावर घेऊन तळ्यावर गेलेल्या. ओदेलूला मॅनेजरचा फोन आला. कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक पहाटे निघायचाय, आणि तीन नंबरच्या टाकीतून कोंडा खाली येत नाही. राजलिंगमला घे आणि ये.

राजलिंगम म्हणजे ओदेलूचा बावा, थोरल्या बहिणीचा नवरा. तो तळ्याच्या पायरीवर बसून बायकांची गाणी ऐकत होता.

"बावा, चल. तीन नंबर तुंबलीय."

"तुंबणारच!" राजलिंगम उठता उठता करवादला. "सणाच्या आधी टाकी रिकामी करा म्हणून घसा कोरडा केला. हवा अशी दमट, त्यात भरलेला कोंडा चार दिवस तसाच ठेवला. धरली असेल कमान. यांना सुट्टीची घाई, निस्तरायला आपण."

बहिणीने, नरसव्वाने, ओदेलूला बाजूला घेतलं. "तम्मी, मागच्या बतुकम्मालाही तीच टाकी होती. त्यांना सांभाळ हं."

"त्याला सांभाळू, की त्याच्यापासून सांभाळू?"

ओदेलू बोलून गेला. नरसव्वाचा चेहरा पडला. पण ती भांडली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

आता हे असं का, ते ऐका. तीन नंबरची टाकी तुम्ही दिवसा पाहिलीय. वर उंच पिंप, खाली लोखंडी नरसाळं, त्याच्या तोंडाला गेट. कोंडा दमट झाला की नरसाळ्यात कमानीसारखा आडवा धरतो. वरून भरलेलं दिसतं, खाली पोकळ. मग एक जण वर जाऊन झाकणातून बांबूने डिवचतो, दुसरा खालून नरसाळ्यावर घण घालतो. घणाने पत्रा आत जातो, पोचे पडतात, आणि त्या पोच्यांना कोंडा अजूनच चिकटतो. हे सगळ्यांना कळतं. तरी घण थांबत नाही.

मिक्सरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून एक रीत होती. गेट उघडण्याआधी खालच्याने टाकीच्या पायावर तीन ठोके मारायचे. वरच्याने झाकणापासून दूर व्हायचं आणि वरच्या कठड्यावर पहारीने दोन ठोके मारायचे. म्हणजे, मी बाहेर आहे, उघड. ते दोन ऐकल्याशिवाय गेटच्या चाकाला हात लावायचा नाही.

त्याच्या आदल्या बतुकम्माला मिलमधलाच पोशय्या वर होता आणि राजलिंगम खाली. राजलिंगमने गेट उघडलं. पोशय्या आत होता. कोंड्यासकट खाली खेचला गेला. बाहेर काढला तेव्हा नाकातोंडात कोंडा.

राजलिंगम रडून सांगत होता, मी दोन ठोके ऐकले. कोण मानणार? आदल्याच दिवशी ताडीच्या दुकानात दोघांची जुंपली होती, गचांडी धरण्यापर्यंत. पोलिसांनी अपघात म्हणून मिटवलं. गावाने मिटवलं नाही. आणि ओदेलूने तर मुळीच नाही. हा माणूस माझ्या बहिणीच्या शेजारी झोपतो, ही गोष्ट त्याला रात्र रात्र छळायची.

म्हणून टाकीखाली पोचल्यावर तो म्हणाला, "आज वर तू जा, बावा. चाक मी धरतो."

राजलिंगमने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तूही."

एवढंच बोलला. कमरेला दोर बांधला आणि शिडी चढू लागला.

मिक्सर बंद होता. कोंडा आल्यावरच चालू करायचा होता. सगळं शांत. लांबून तळ्यावरची गाणी येत होती, तीही हळूहळू थांबली. वरून बांबूचा खसखस आवाज येत होता.

मग तोही थांबला.

ओदेलूने वाट पाहिली. काही नाही. झालं असेल, म्हणाला. घण उचलला आणि पायावर तीन ठोके मारले.

ठक्... ठक्.

उत्तर आलं. स्पष्ट. ओदेलूने चाक धरलं.

आणि थांबला.

मघाशी सांगितलं ना, संशयी माणूस. कठड्याचा आवाज वरून यायला हवा. हा... वरून आला नव्हता. मिक्सर चालू असता तर कळलंही नसतं.

"बावा?"

त्याने मान वर केली.

"बावा, बाहेर आहेस ना?"

त्याने दुसरा हात नरसाळ्यावर टेकवला. पत्रा गार. पुन्हा पायावर तीन ठोके मारले.

ठक्. ठक्.

हाताखाली. पत्र्याच्या पलीकडून. तळहाताला बसले.

त्याने हात काढला.

मग कोणी न विचारता... पुन्हा दोन. घाईने. जोरात.

उघड. उघड.

ओदेलू शिडीकडे पळाला. कसा चढला त्यालाही आठवत नाही. झाकणातून बॅटरी मारली.

राजलिंगम आत होता. कडेवरून पाय सटकला होता. कमानीवर गुडघ्यापर्यंत रुतलेला, दोन्ही हात दोराला, तोंड कोंड्याने पांढरं. डोळे तेवढे हलत होते. ओदेलूने कठड्याला पाय लावून, दातओठ खाऊन दोर ओढला. तो बाहेर आला तशी आतली कमान बसली. धप्प.

बराच वेळ राजलिंगम नुसता खोकत होता.

"ओरडला का नाहीस?"

"आवाज फुटेना. आणि हललो असतो तर खाली गेलो असतो."

"मग ठोके..."

"माझे हात कुठे होते, तू बघितलंस." त्याने मान खाली घातली. "माझ्या पायाखालून येत होते ते. आणि तू उघडणार, हे मला कळत होतं."

ओदेलू खाली वाकला. त्याने बावाचे पाय धरले.

"आता पाय धरतोस?" राजलिंगमला रडू फुटलं. "वर्षभर मी दुसरं काय सांगत होतो रे?"

पोशय्याच्या आधी त्या टाकीत कोण गेलं होतं, मला माहीत नाही. विचारलं तर जुनी माणसं विषय बदलतात. मालकाने नंतर हवेच्या झोताने कोंडा मोकळा करायचं मशीन बसवलं, घण बंद झाला. सणाच्या आधी टाकी आता रिकामी असते.

नरसाळं मात्र तेच आहे. उद्या उजाडलं की बघून या. अंगभर पोचे आहेत, सगळे घणाचे, सगळे आत गेलेले. गेटच्या चाकाशेजारी, हात टेकवायच्या जागी, दोनच असे आहेत, जे आतून बाहेर आलेत.