मागावरचा अर्धा खण

नवऱ्याच्या, शिवयोगीच्या, मागाचा आवाज मध्येच थांबला आणि माजघरात ओटी भरायला जमलेल्या बायकांत उभ्या असलेल्या कस्तुरीच्या काळजात धस्स झालं... महिनाभर तो जांघेत जडपणा आहे म्हणत होता, मागाच्या खड्ड्यात बसून बसून होतं म्हणत होता.

सासू नीलव्वाचं तिकडे लक्ष नव्हतं. मुलाने विणलेले खण ती एकेका सवाष्णीच्या ओटीत घालत होती आणि नेहमीसारखी कस्तुरीला वगळून पुढे सरकली. सोमवारी ती त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघायला जाणार होती. वांझेला किती पोसायचं, हे ती सुनेच्या तोंडावर म्हणायची.

कस्तुरीने कधी ब्र काढला नव्हता. दोन वर्षांपूर्वी दोघांच्या तपासण्यांचे निकाल आणायला ती एकटीच गेली, तेव्हा बागलकोटच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, दोष नवऱ्यात आहे. आणि अशा पुरुषांच्या वृषणात गाठ होण्याचा धोका इतरांहून जास्त, वेळेत सापडली तर बरी होते, तेव्हा त्यांना त्यासाठी तपासायला पाठवा. पण गावात, गुळेदगुड्डात, नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून त्या वेड्या जिवाने सगळा दोष आपल्या पदरात घेतला, आणि तपासणीचं बोलणंही त्याबरोबर गिळून टाकलं!

बायका गेल्या तशी ती मागापाशी धावली. नीलव्वा मागोमाग आलीच. कस्तुरीने रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"स्वतःचं खापर माझ्या लेकावर फोडतेस?" नीलव्वा कडाडली.

"अव्वा, थांब." शिवयोगीची मान वर होत नव्हती. "गाठ आहे. हाताला लागते."

नीलव्वाचा हात मागावरच्या अर्ध्या खणावर गेला.

"दोन वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलंस," तो कस्तुरीला म्हणाला, "आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला जपायला गेले... आणि तुमच्याच जिवावर उठले."

तो तिच्या हाताचा आधार घेऊन उठला आणि तो हात त्याने सोडला नाही.

हुबळीच्या मोठ्या दवाखान्याला जायची गाडी तासाभरात होती. कस्तुरी पिशवी भरू लागली. गाठीला उशीर झाला असेल तर, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. तेवढ्यात मागापाशी कात्री वाजली. पुरा न झालेला खण त्या घरात कधी कुणी कापला नव्हता, तो नीलव्वाने कापला, त्यात नारळ आणि तांदूळ घेतले आणि ती सुनेसमोर उभी राहिली.

"पदर पुढे कर," ती म्हणाली. "अर्धाच आहे गं. बाकीचा तो परत आला की विणेल."

कस्तुरीने पदर पसरला.