धोबिणीचा आवाज

एकोणीसशे सहासष्टच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, ओडेसा गेन्स ही तिशीतली काळी बाई बसने लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत पोचली. काम साधंच होतं. वीस वर्षांपूर्वीची विनोदी कार्टून आता टीव्हीवर दाखवायची होती आणि त्यातल्या काळ्या धोबिणीचं खुळचट बोलणं लोकांना खटकू लागलं होतं. त्या जागी नीट बोलणारा आवाज भरायचा होता.

जुना आवाज ओडेसाच्या आईचा होता.

लव्हिनिया गेन्स रविवारी चर्चमध्ये मुलांना कविता शिकवायची, एकेक शब्द स्वच्छ उच्चारून. कार्टूनसाठी मात्र स्टुडिओवाले तिच्याकडून वदवून घेत, "देवा रं देवा! ह्या बोक्यानं म्या धुतल्याली चादर पार चिखलात घातली की!" शाळेतली पोरं ओडेसाला तेच म्हणून चिडवत. एकदा ती आईवर खेकसली होती, "माझ्या शाळेत येऊ नकोस. तू तोंड उघडलंस की लोक हसतात." आई पुन्हा शाळेत आली नाही. आता तर ती जाऊनही सहा वर्षं झाली होती. तिचा दुसरा कुठलाही आवाज कुणी जपून ठेवला नव्हता. हाही पुसायचाच असेल, तर परक्या बाईने का पुसावा, म्हणून ओडेसा हो म्हणाली होती.

म्हातारे तंत्रज्ञ हॅल्व्हरसन काचेपलीकडे बसले. दिवे मालवले. खोलीत जुन्या गालिच्याचा कुबट वास होता. पडद्यावर धोबीण चादर झटकू लागली.

ओडेसाने तोंड उघडलं, पण त्याआधीच हेडफोनमध्ये कुणीतरी हलकेच म्हणालं, "अरे देवा... या बोक्याने मी धुतलेली चादर चिखलात घातली."

आईचाच आवाज. चर्चमधला.

 ओडेसाने तेच वाक्य म्हटलं. मग पुढचं... आई सांगायची, ती म्हणायची. लहानपणी कविता पाठ करताना व्हायचं तसं.

"एका दमात झालं की!" हॅल्व्हरसन खूश झाले.

"मिस्टर हॅल्व्हरसन... आईचा आवाज तुम्ही चालू ठेवला होता?"

"तो मी सकाळीच पुसला, बाई. तुमच्या कानात काहीच सोडलं नव्हतं."

 ओडेसा माइकजवळ सरकून पुटपुटली, "आई, माझं चुकलं गं..." 

चार दिवसांनी हॅल्व्हरसनचा फोन आला.

"रेकॉर्डिंगच्या शेवटी तुम्ही रडलात का हो?"

"नाही."

"शेवटच्या वाक्यानंतर कुणी बाई रडतेय. मी तीनदा पुसलं..." ते म्हणाले, "दर वेळी ती आणखी थोडा वेळ रडते."