तेवढा एक राहू दे

पहिल्याच दिवशी तो स्टुडिओच्या दारात तिच्यावर आदळला. तिच्या हेडफोनची वायर त्याच्या छत्रीत अडकली, आणि दोघं मिळून ती सोडवू लागले.

"दातांचे डॉक्टर तुम्हीच का?"

"ॲक्च्युअली... हो."

"हो म्हणजे हो ना? मग त्यात ॲक्च्युअली कशाला?"

तो हसला. दात छान होते मेल्याचे, एवढं तिला कबूल करावंच लागलं.

मामाच्या या स्टुडिओत तो दातांच्या काळजीवर बोलायला येई, आणि त्याचं बोलणं साफसूफ करायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. एका वाक्यात दोन-दोन ॲक्च्युअली! कापून कापून तिचं डोकं उठायचं. पण ऐकता ऐकता त्याच्या खोडी तिला कळत गेल्या. दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असलं की तो शब्द ठासून यायचा, नाही म्हणायची भीड वाटली की लांबत जायचा. आणि चहा पिताना तिच्याकडे बघून तो नुसतंच "ॲक्च्युअली..." म्हणे, की पुढे कप रिकामा होईस्तोवर गप्प! यानेच तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"माणूस बरा आहे गं," मामा म्हणायचा. "पण त्याच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा दात काढणं सोपं."

आज शेवटचं रेकॉर्डिंग. ते झालं की तो कशाला येतोय पुन्हा? काचेपलीकडे त्याने कागद आवरले, छत्री उचलली, आणि माईकपाशीच घुटमळला.

"ॲक्च्युअली..."

झालं! तिने आत बोलायचं बटण दाबलं. "डॉक्टर, तो शब्द सोडून बोला. रीटेक!"

"बरं. मला तुम्ही... ॲक्च्युअली..."

"रीटेक!"

"उद्यापासून इथे यायला काही कारणच नाही, आणि ॲक्च्युअली तेच मला..."

"रीटेक..." आता तिचाच आवाज थरथरला.

त्याने डोळे मिटून घेतले. "मला तुम्ही आवडता. ॲक्च्युअली, फार आवडता." मग त्याने कपाळावर हात मारला. "सॉरी! आलाच परत. कापून टाका."

तिचं बोट सवयीने पुढे गेलं... आणि थांबलं.

"तेवढा एक राहू दे," ती वैतागून म्हणाली. "आणि बाहेर या आधी. माईकवर नाही बोलणार मी. शेजारच्या खोलीत मामा ऐकतोय."

तो छत्री तिथेच टाकून धावत आला.

"मलाही," ती म्हणाली. "फार."

"ॲक्च्युअली," शेजारून मामा ओरडला, "मी काहीच ऐकलं नाही!"

तिने कपाळाला हात लावला. दुसरा हात त्याने धरलेला होता.