अगस्तीच्या खालचा

शिवानंदचा फोन आला तेव्हा मी एका शिलाई मशीनचं पोट उघडून बसले होते. सोलापूरच्या आमच्या शुक्रवार पेठेत अजून काही घरांत पायाच्या मशिनी आहेत, आणि त्या अडल्या की माझ्याच दारात येतात.

"मावशी, शाळेची दुर्बीण ताऱ्यावर थांबत नाही," तो म्हणाला. "तारा मध्यभागी आणला की चहा पिऊन होईस्तोवर गायब."

शिवानंद मैंदर्गीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला संगणकाच्या स्टँडची दुर्बीण दिली होती. हातातल्या रिमोटवर ताऱ्याचं नाव निवडायचं, मोटारी घुर्रर्र करतात, नळी आपोआप तिकडं वळते, आणि मग आकाश सरकेल तशी ताऱ्याच्या मागं मागं सरकत राहते. अर्थात आधी यंत्राला दोन तारे नीट दाखवून द्यावे लागतात. हा अमुक, हा तमुक. तिथं चूक झाली की पुढचं सगळं आकाश चुकतं.

"दुर्बिणीला दोष देऊ नकोस. मी येते," म्हटलं.

माझी शाळा माढ्याला चौथीत सुटली. इंग्रजी मी मशिनींच्या माहितीपुस्तकांवरून शिकले आणि आकाश गच्चीवर उताणी पडून. तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं विचारलं की मला राग येतो. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना म्हातारीला भास झाला असेल असं कुणी म्हणू नये. गिअरच्या दातांत केसाएवढी ढील असली तरी मला बोटांनी कळते.

शिवानंदची वस्ती गावापासून आत आहे. चारी बाजूंनी शाळूची ज्वारी, मधे स्लॅबचं घर. थंडीचे दिवस होते. मी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याची आई, मायाक्का, ओट्यावर तूर पाखडत होती. ती घरात कन्नड बोलते. माझं कन्नड बाजारापुरतं. भाव विचारता येतो, नको म्हणता येतं, आणि तेवढ्यावर माझं कधी अडलं नाही.

मायाक्काने पाणी दिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"अक्का, तुमचं काम तुमी करा. पन ह्याला अंधारात हिरीकडं धाडू नका."

"मी कशाला धाडू?"

"थोरला तसाच गेला माझा. विरुपाक्ष. कंदील दिसला का काय दिसलं त्याला, हिथनं उटला आन् हिरीकडं गेला. हीर उपसली. न्हाय घावला. आता ह्यो एकलाच हाय मला."

"अव्वा, त्यांना चहा तरी घेऊ दे," शिवानंद मफलर गुंडाळत कन्नडमधे म्हणाला.

"घेतील की. मी काय कप धरून ठिवलाय?"

तो हसला. ती हसली नाही.

दुर्बीण त्याने शाळेतून आणून गच्चीवर मांडली होती; अंधार पडेपर्यंत मी तिचा स्टँड दुरुस्त केला. तिपाई एका बाजूला कलली होती, तिला पाणसळ लावून सपाट केली. वारा लागून हलू नये म्हणून मधे वाळूची पिशवी टांगली. नळीचा तोल साधला. मग रिमोट उघडला आणि कपाळाला हात लावला. यंत्र अमेरिकेच्या रीतीचं, त्याला आधी महिना लागतो, मग तारीख. ह्याने आपल्या रीतीने आधी तारीख घातलेली. यंत्र बिचारं भलत्याच महिन्याचं आकाश शोधत होतं.

"विज्ञानाचा मास्तर ना तू?"

"मावशी, मुलांना सांगू नका."

"फळ्यावर लिहून ठेवते."

काळोख झाला. मैंदर्गीकडं अजून चांगला काळोख होतो. सोलापुरात तो विटलेल्या काळ्या कापडासारखा असतो. गच्चीवर ओल्या मातीचा वास येत होता आणि त्याच्या आत आणखी एक वास, शेवाळाचा, बंद विहिरीत असतो तसा. दक्षिणेला शाळूच्या पलीकडं विहीर होती. वारा तिकडून येत असेल, असं मी धरलं.

पहिला तारा रोहिणी. नळी वळली, तारा जवळपास आला. बारीक बघायचं भिंग लावलं आणि तारा मुद्दाम धूसर केला. तारा धूसर केला की थाळीसारखा गोल पसरतो आणि मग अगदी मधे आणणं सोपं जातं. तो मधे आला. मी ठीकचं बटण दाबणार, एवढ्यात कानाजवळ कुणीतरी हलकेच म्हणालं,

"चुकी."

शिवानंद मागंच उभा असेल, असं वाटलं. बोलणं जरा जड होतं, जिभेला ओझं झाल्यासारखं. मी चिडले. मग बघते तर खरंच चुकलं होतं. तारा मधे आणताना शेवटचं बटण ठरलेल्या बाजूचंच दाबायला हवं, वरचं आणि उजवीकडचं, म्हणजे गिअरची ढील निघून जाते. मी डावीकडचं दाबलं होतं. मुकाट्याने पुन्हा केलं.

"चुकी."

"आता काय चुकलं?"

रोहिणी सोडली. व्याध घेतला. सगळ्या आकाशात त्याच्याएवढा झगझगीत तारा नाही, तो आंधळ्यालाही मधे आणता येईल.

"चुकी."

"शिवानंद, समोर येऊन बोल! पाठीमागून कुजबुजायला मी काय तुझी वर्गमैत्रीण आहे?"

खालून, लांबून, शाळूच्या पलीकडून आवाज आला.

"काय म्हणालात मावशी? मी हिरीवर आहे. लाईट आली, पण पंपाचा स्टार्टर पडतोय सारखा."

मी नळीला डोळा लावून बसले असताना तो उतरून गेला होता.

मी उभी राहिले आणि विजेरी लावून सगळी गच्ची बघितली. पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या मिरच्या, जिन्याचं दार. माणूस नव्हतं. शेवाळाचा वास मात्र टाकीजवळ नव्हता, माझ्या खुर्चीजवळ होता.

आता कुणी म्हणेल, तेव्हाच खाली यायचं. मी का यावं? आयुष्यभर मला चुका दाखवणारी माणसं भेटली, त्यातली निम्मी जिवंत नाहीत. हे जे कोण होतं, त्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चूक खरोखर निघाली होती. जाणकार आहे म्हटल्यावर त्याचं ऐकायचं, मग तो कुठंही का उभा असेना. मी विजेरी विझवली आणि पुन्हा बसले.

दक्षिणेला, खालच्या अंगाला, अगस्ती असतो. नळी तिकडं वळवली. मोठ्या नळीवरच्या छोट्या शोधक नळीत बघितलं तर तिथं दोन ठिपके होते. एक वर, एक त्याच्या बराच खाली, शाळूच्या कणसांना टेकल्यासारखा. अगस्ती वरचा. ते मला डोळे मिटून सांगता येतं. मी वरचा मधे आणला.

"चुकी…"

ह्या वेळी आवाजात घाई होती.

"बरं," मी म्हटलं. "मग खालचा?"

नळी खाली आणली. खालचा ठिपका मधे आला. पांढरा, लुकलुकत नव्हता. मी थांबले. कुणी काही बोललं नाही. धूसर करायची खुंटी फिरवली, तर तो पसरेना. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खुंटी फिरवली, बाकी सगळे तारे विरघळून गेले, हा टाचणीच्या टोकाएवढाच राहिला. हे मी कधी पाहिलं नव्हतं. पण मागं सगळं शांत होतं, आणि त्या शांततेला मी होकार समजले.

ठीक दाबलं. व्याधावर परत जाऊन तोही पक्का केला. तेव्हा आवाज आला की नाही, मोटारींच्या घुरघुरीत कळलं नाही. रिमोटवर अक्षरं आली, जुळणी यशस्वी. मग त्याच खालच्या ठिपक्यावर नळी नेली आणि घड्याळ लावून बसले. भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा तो मधे राहिला. इतकं नेमकं अनुसरण माझ्या स्वतःच्या दुर्बिणीला कधी साधलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मायाक्का चहा घेऊन वर आली. जिन्यातच तिने विचारलं, "शिवा कुटं हाय?"

"येईल. स्टार्टर बघतोय. मायाक्का, तुमच्या घरात कोण आहे हो माझ्या चुका काढणारं? एकसारखं कानाशी, चुकी, चुकी."

तिने थाळा कठड्यावर फार हळू ठेवला.

"चुकी न्हाय, अक्का… चुक्की."

"म्हणजे?"

"चुक्की म्हंजी तारा. आमच्यात ताऱ्याला चुक्की म्हंत्यात." ती अंधारात माझ्या खुर्चीच्या मागं बघत होती. "थोरल्याला बोलाया येत नव्हतं. चार-दोन शब्द. रोज सांजचं हितं बसायचा आन् बोट दावून म्हनायचा. ही चुक्की. ती चुक्की…"

डोक्यात हिशेब चालू होता. रोहिणी, तारा. व्याध, तारा. वरचा अगस्ती, तारा. तो चूक काढत नव्हता. बरोबर आहे, म्हणत होता.

"सगळ्याला म्हनला का?" तिने विचारलं.

"शेवटच्याला नाही."

"तो कंचा?"

मी दाखवायला वळले. नळी तिथं नव्हती. तिथला कुठलाही तारा पश्चिमेकडं सरकतो, नळीही त्या बाजूला सरकायला हवी होती. ती उतरली होती. कठड्याच्या खाली, शाळूच्याही खाली, सरळ विहिरीच्या तोंडाकडं. मोटार अजून चालू होती, अगदी बारीक आवाजात, आणि नळी गोगलगाईसारखी खाली खाली जात होती. मी डोळा लावला. ठिपका मधोमध. त्याच्या शेजारी पाठमोरं एक डोकं, आणि मफलर. शिवानंदचा मफलर.

नळी कुठं रोखलीय ते बघून मायाक्का ओरडली. "मगा! बा! लेका, इकडं ये!"

मी बॅटरीची वायर उपटली. मोटार थांबली. पुन्हा बघितलं तर भिंगात नुसता काळोख होता.

"शिवा!"

पंपाचा आवाज येत होता, एकसारखा. मग शाळू हलू लागला. वाटेने नाही, पिकातून. तो आला, जिना चढला, वर येऊन उभा राहिला. पाय घोट्यापर्यंत ओले होते.

"मावशी, तुम्ही विजेरी दाखवत होतात ना मला?"

"मी विजेरी केव्हाच विझवली."

"हो का?" तो म्हणाला. आवाज त्याचाच होता.

मायाक्काने त्याला हात लावला नाही. ती म्हणाली, "अक्का, एक खरा तारा दावा ह्याला."

मी वायर जोडली, सगळी जुळणी पहिल्यापासून केली. रोहिणी, नंतर व्याध, दोन्ही वेळा शेवटी उजवीकडचंच बटण दाबून. कान टवकारून बसले होते. मागून कुणीही काही म्हटलं नाही. वासही गेला होता. रोहिणी मधे आणून मी बाजूला झाले आणि शिवानंदने डोळा लावला.

"काय हाय, मगा?" आईने कन्नडमधे विचारलं. एवढं मलाही कळलं.

तो बघत राहिला.

"काय हाय त्यात? नाव सांग की."

"चांगली बसली जुळणी," तो मराठीत म्हणाला. आईशी मराठीत बोलताना मी त्याला त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं.

तिने पुन्हा विचारलं, पुन्हा, लहान मुलाला विचारावं तसं. चुक्की, एवढा एक शब्द हवा होता तिला. त्याने दिला नाही. मी दोघांच्या मधे उभी होते आणि दुर्बीण तारा धरून होती, रेसभरही न हलता. मला ते काम तसंच टाकून खाली जावंसं वाटलं, एरवी मला कुठल्याही कामाचं असं वाटत नाही.

अक्कलकोटची शेवटची गाडी गाठायची होती. मायाक्का म्हणाली, "ऱ्हावा, अक्का." मी नाही म्हटलं. शिवानंदने त्याची जुनी मोटारसायकल काढली. आम्ही अंगणातून बाहेर पडलो तसा मागं आतून कडी लावल्याचा आवाज आला. आणि कडीनंतर काहीतरी जड, पाटा असेल, दाराला लावल्याचा. त्याने मान वळवली नाही.

वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाडीची वाट आहे, चाकोऱ्या आणि खड्डे. त्याने दिवा लावला नव्हता.

"दिवा लाव की," मी म्हटलं.

"कशाला?"

तरी एकाही खड्ड्यात चाक गेलं नाही. वळणं आली तशी गाडी वळत होती. मी त्याच्या खांद्याला धरलं होतं, आणि शर्ट कोरडा असून खांदा गार होता. रस्त्याला लागलो तेव्हा समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, दोन्ही दिवे पेटवून. उजेड सरळ आमच्या तोंडावर. त्याने गाडी बरोबर कडेला घेतली, वीतभर अंतर राखून, आणि ट्रॅक्टर निघून गेला.

त्या उजेडात मला आरशात त्याचं तोंड दिसलं. डोळे मिटलेले होते.