न गोठलेली कुपी

पेशी मेल्याच नव्हत्या. सकाळी आठला प्रयोगशाळेतल्या संशोधक मुलीनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

पेशीत आरएनएचे नको ते तुकडे कापून उरलेले जोडले जातात. तिचं औषध ही कात्रीच अडवायचं. मग पेशी तगायच्या नाहीत. गेल्या महिन्यात तसंच झालं होतं, आणि त्यात प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांचा गाजलेला सिद्धान्त आडवा झाला होता. आज तोच निकाल संस्थेच्या संचालकबाईंना दाखवायचा होता.

"म्हणजे आधीचा निकाल बनावट," सर हळूच म्हणाले. "दुपारपर्यंत संस्थेतून हिचं नाव काढा."

संचालकबाईंनी भांडार सांभाळणाऱ्या मावशींना बोलावलं. बावीस वर्षं या बाटल्यांत गेलेली बाई.

"औषधाची कुपी कशी काढलीस गं?"

"काल घाईत होते, मावशी. फ्रिजमधून काढली, लगेच औषध घातलं."

"लगेच? बरं. फ्रिजच्या किल्ल्या कुणाकडे?"

"तुमच्याकडे, माझ्याकडे, सरांकडे," मुलीचा सीनियर म्हणाला. त्याला सगळे दादा म्हणत. "माझ्यावर संशय आहे का?"

"तुला स्वतःचा डबा सापडत नाही, तू काय कट करणार!" मावशी म्हणाल्या.



मावशींनी दोन कुप्या टेबलावर ठेवल्या. पहिली उलटी केली. आतलं पांढरं, दगडासारखं, हललंसुद्धा नाही. दुसरी, मुलीनं काल वापरलेली, कलती केली. आतलं सरसर वाहिलं.

"पहिलीत नुसता द्राव. दुसरीत त्याच द्रावात विरघळवलेलं औषध असायला हवं. हा द्राव पाण्याच्या खूप आधी, साध्या फ्रिजमध्येच गोठतो. म्हणून इथं रोज राबणारा प्रत्येक जण कुपी आधी मुठीत धरून वितळवतो. काल हिला ती गरजच पडली नाही, आणि घाईत ते लक्षातही आलं नाही. कारण हे पाणी आहे."

दादानं डोळे मिटले.

"हे दादाला ठाऊक, मला ठाऊक. आम्ही भरलं असतं तर तोच द्राव भरला असता, कुणाला कळलंही नसतं. पाणी भरणाऱ्याला द्राव गोठतो हेच माहीत नव्हतं. सर, पंधरा वर्षं तुम्हाला सगळं वितळवूनच हातात मिळतंय. आणि या मुलीमुळे खोटं ठरत होतं ते तुमचंच."



"पाणीच तर होतं," सर म्हणाले. "कुणाचा जीव गेला का?"

"हिचा जाणार होता."

संचालकबाईंनी फोन उचलला. "चौकशी समिती आत्ता बोलवा. नाही, मुलीची नाही."